द्राक्षांच्या मुलखात दोघेच

नवरा-बायकोने दोघांनीच दोन दिवस कुठे तरी जाऊन राहावे, ही गोष्ट आपल्या वस्तीत अजूनही कुजबुजण्याची आहे. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात गेले तर लोक हसून सोडून देतात. पण दोन मुले झाल्यावर, सात-आठ वर्षांनी गेले की नळावर चर्चा सुरू होते. 'काय, भांडण मिटवायला गेले होते का?' 'पैसा वर आला वाटतं.' आणि म्हाताऱ्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, 'मुलांना टाकून गेले?'

वाचकहो, आपण प्रवास करीत नाही असे मुळीच नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, जमले तर महू. शिवाय माहेर, सासर, मंगल परिणय, नामकरण, जलदान विधी. वर्षाकाठी हिशेब केला तर आपला माणूस बराच हिंडतो. हे प्रवास आपले आहेत आणि ते चुकवू नयेत. पण या प्रवासात घरातली बाई काय करते, ते एकदा डोळे उघडून बघा. आदल्या रात्री ती भाकऱ्या थापते, ठेचा कुटते, मुलांचे कपडे पिशवीत भरते. गाडीत ती सर्वांना वाढते. मुक्कामाला पोचल्यावर पाणी कुठे मिळते ते तीच शोधते. घरी परतल्यावर बाकीचे अंग टाकतात आणि ती धुणे भिजवते. तिच्या हातात दोन दिवस कोणी आयता चहा दिला आहे, असा प्रवास तुमच्या घरात शेवटचा कधी झाला? आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न एकदा विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक आजी म्हणाल्या, 'बाळंतपणात.' सगळ्या हसल्या, पण आजींनी विनोद केला नव्हता.

महिन्यापूर्वी टिटवाळ्याच्या बाजूच्या एका भगिनीचे पत्र आले. ती पॅकिंगच्या कामाला जाते, मिस्टर कंपनीत पाळीवर आहेत, लग्नाला आठ वर्षे झाली. तिने मोबाईलवर नाशिककडची जाहिरात बघितली. द्राक्षांचे मळे, मावळता सूर्य, झोपाळ्यावर बसलेले जोडपे आणि त्यांच्या हातात लाल पेयाचे काचेचे ग्लास. पत्रात लिहिते, 'दादा, जयभीम. सासूबाई मुलांना सांभाळायला तयार आहेत. हे पण जाऊ म्हणतात. पण माझे वडील पिऊन यायचे. ग्लासाला ग्लास लागल्याचा आवाज आला तरी माझ्या पोटात गोळा येतो. तिकडे गेल्यावर हे घेणार तर नाहीत ना? आणि घ्यायचे नसेल तर तिकडे जाऊन करायचे काय? पण जागा फार छान दिसते हो.'

पत्रातले हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचले. म्हणून आजचे सदर त्या ताईसाठी, आणि तिच्यासारख्या ज्यांनी पत्र लिहिले नाही त्यांच्यासाठी.

आधी तो मुलूख समजून घेऊ. नाशिक जिल्हा द्राक्षांचा, हे आपल्याला बाजारातल्या पेट्यांवरून माहीत आहे. निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या पट्ट्यात मैलोन्‌मैल मांडव दिसतात. ती खायची द्राक्षे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही त्यांची नावे. वाईनची द्राक्षे वेगळी असतात. दाणा लहान, साल जाड, आत बी. तोंडात टाकली तर गोड लागतात, पण खायला ती कोणी विकत घेणार नाही. शिराझ, शेनिन ब्लां अशी त्यांची परदेशी नावे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या अंगाला गोवर्धन गावाच्या शिवारात 1999 मध्ये राजीव सामंत यांनी सुला ही कंपनी काढली. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला हा माणूस. मग 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. विंचूर म्हणजे नाशिकहून येवल्याला जाताना लागते ते. 1935 साली बाबासाहेबांनी ज्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, त्याच रस्त्यावर. मुक्तिभूमीला जाताना आपल्या कित्येक बसगाड्या त्या फाट्यावरून गेल्या असतील.

दिंडोरीचेही तसेच. नाशिकपासून सुमारे 25 कि.मी.वरचे हे तालुक्याचे लहान गाव. आज वाईनच्या बाटलीवर 'दिंडोरी' असे नाव छापून येते आणि शहरातले लोक ते कौतुकाने वाचतात. आपल्याला दिंडोरी तालुका ठाऊक आहे तो कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा म्हणून. त्यांचे आंबे हे गाव याच तालुक्यातले. भूमिहीनांसाठी आयुष्यभर झगडलेल्या माणसाच्या तालुक्यात आज एकराच्या हिशेबाने द्राक्षाची छाटणी करायला पेठ-सुरगाण्याचे आदिवासी मजूर येतात. तुम्ही मळा बघायला जाल तेव्हा मांडवाखाली मान वर करून दिवसभर काम करणारे हात दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. जयभीम म्हणा, नमस्कार करा, बोलले तर बोला. कामाला येणारा माणूस आणि फिरायला येणारा माणूस यांच्यातले अंतर आपल्याइतके कोणाला कळणार?

आता वाईनबद्दल स्पष्ट बोलू, कारण ताईची खरी भीती तिथे आहे.

वाईन कशी होते ते सोपे आहे. द्राक्ष चिरडतात, रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. लाल वाईनला काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांत ठराविक थंडाव्यात हे काम चालते, काही वाईन लाकडी पिंपात ठेवतात. यात काही जादू नाही आणि औषधही नाही. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे बोलले गेले. त्या निर्णयाला राज्यभर विरोध झाला. आम्ही बी.कॉम. झालेले, आम्हाला हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडतो. वाईनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असते. 150 मि.लि.चा एक ग्लास घेतला तर पोटात 18-19 मि.लि. शुद्ध अल्कोहोल गेले. व्हिस्कीत ते 42.8 टक्के असते, म्हणजे 45 मि.लि.च्या पेगात तेवढेच, 19 मि.लि. ग्लास बदलला, रंग बदलला, सोबत चीजचा तुकडा आला, पण बेरीज तीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत सांगितले आहे की आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

राहिले पंचशील. पाचव्या शीलात दोन शब्द येतात, सुरा आणि मेरय. धान्याच्या पिठापासून केलेली ती सुरा आणि फुला-फळांपासून आंबवून केलेले ते मेरय, असा खुलासा पाली टीकाग्रंथांत आहे. म्हणजे द्राक्षाची वाईन या शीलात बसते की नाही, हा वाद घालायला जागाच नाही. दर पौर्णिमेला विहारात हात जोडून जे म्हणतो, ते नाशिकच्या हवेत बदलत नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही दारूची प्रतिज्ञा आहेच. ज्याला त्याचे त्याने ठरवावे, आम्ही कोणाच्या ग्लासावर पहारा ठेवणार नाही. पण आमचे मत विचाराल तर ते असे आहे.

जाहिरात मात्र तिचे काम चोख करते. ती ग्लास दाखवते आणि त्यात प्रेम आहे असे भासवते. आपल्या वस्तीत ग्लास म्हटले की बायको आधी दाराची कडी बघते आणि मग मुले कुठे आहेत ते बघते. ज्या बाईने बालपणी बापाची पावले ऐकून अंदाज बांधायला शिकले, तिच्यापुढे नवऱ्याने 'एकच घोट, इथे सगळेच घेतात' असे म्हणून ग्लास उचलला, तर तिचे दोन दिवस तिथेच संपले. तो कितीही सभ्यपणे प्यायला तरी संपले. रात्रभर ती जागीच राहील. सहा महिने पैसे साठवून, सासूची विनवणी करून, रजा टाकून गेलेली ती बाई.

म्हणून आम्ही त्या ताईच्या मिस्टरांशी फोनवर बोललो. चांगला मुलगा आहे. म्हणाला, 'काका, मी रोजचा नाही. कधी तरी मित्रांत.' आम्ही म्हणालो, ते आम्हाला सांगू नका, तिला सांगा, आणि निघायच्या आधी घरी सांगा. तिथे गेल्यावर, वेटर समोर उभा असताना नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला सांगितले, 'दोन दिवस थेंब नाही. तू म्हणशील तिथे जाऊ.' ताईचा आम्हाला फोन आला तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. सहलीची तयारी म्हणजे आधी ही. तिकिटे नंतर.

तर न पिता तिकडे जाऊन करायचे काय? पुष्कळ काही आहे.

कधी जायचे ते पहिले. युरोपात द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आपल्याकडे उलटे. पावसाळा सरताना छाटणी होते आणि वाईनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. त्यामुळे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मळे भरलेले, सकाळी अंगावर शाल घ्यावी अशी थंडी. निफाडला तर कडाक्याच्या थंडीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन वेली बोडक्या होतात, तेव्हा उन्हात जाऊन हाती काही लागत नाही. पावसाळ्यात मळ्यात फळ नसते, पण धरण भरलेले, डोंगर हिरवे आणि गर्दी कमी असते. द्राक्ष बघायचेच असा हट्ट नसेल तर ऑगस्टही वाईट नाही.

शनिवार-रविवार मात्र टाळा. तेव्हा मुंबई-पुण्याच्या मोटारी रांगेने येतात, खोल्यांचे भाडे चढते आणि वाईनरीत पिणाऱ्यांची जत्रा असते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीची सुटी मधल्या वारीच असते. एरवी तिचा आपण त्रागा करतो, इथे ती कामाला येते. एक साप्ताहिक सुटी आणि एक रजा, झाले दोन दिवस.

जायला मुंबईकडून सकाळची तपोवन एक्स्प्रेस आहे, ती कल्याणला थांबते. आरक्षण आधी करा. ते नाही मिळाले तर कसारा लोकल धरायची आणि कसाऱ्याहून शेअर टॅक्सीने नाशिक, हा आपल्या लोकांचा जुना मार्ग आहेच. एस.टी.ने गेलात तर 2023 च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे दोघांचे मिळून दीड तिकीट. नाशिक रोड स्टेशन शहरापासून दूर आहे आणि गंगापूर रस्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला. महापालिकेची सिटीलिंक बस आहे, रिक्षाही आहेत. रिक्षाचा भाव बसण्याआधी ठरवावा.

मुक्काम कुठे करायचा? वाईनरीवाल्यांची स्वतःची हॉटेले आहेत, पण त्यांचे एका रात्रीचे भाडे ऐकून आपला महिन्याचा किराणा डोळ्यांपुढे येतो. गंगापूर धरणाजवळ पर्यटन महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, तिथे मधल्या वारांचे दर विचारून बघावेत. नाही परवडले तर नाशिक शहरात साधे, स्वच्छ लॉज घ्यावे आणि तिथून फिरावे. लाज वाटायचे कारण नाही. झोपायला खोली कुठे आहे याने फरक पडत नाही, दुपारी तुम्ही कुठे बसता याने पडतो. खोली घेताना तीन गोष्टी फोनवरच विचाराव्यात: गरम पाणी किती वाजेपर्यंत, दाराला आतून नीट कडी आहे का, आणि खाली बार आहे का. बार असेल तर दुसरे लॉज बघा. दोघांचीही आधार कार्डे जवळ ठेवा. एका लॉजवर आमच्या मंडळींकडे वरपासून खालपर्यंत बघून काउंटरवरच्या इसमाने 'मिसेसच ना?' असे विचारले होते. लग्नाला वीस वर्षे झालेली. मंडळींनी त्याला शांतपणे सांगितले, 'नाही, पर्यवेक्षक आहेत माझे.' तो इसम रजिस्टरात तोंड घालून बसला.

पैशाचे म्हणाल तर कर्ज काढून, पतपेढीची उचल घेऊन हे करू नये. दोघांनी मिळून महिन्याला पाचशे बाजूला टाकले तर दहा महिन्यांत पाच हजार होतात. तेवढ्यात दोन दिवस आणि एक रात्र बसवायची, अशी आमची सूचना आहे. जमा झालेला पैसा कोणाच्या हातात ठेवायचा? बायकोच्या. आणि खर्च करताना दर वेळी 'कितीला पडलं?' असे विचारायचे नाही. घरून निघण्यापूर्वी हिशेब करा, परत आल्यावर करा, पण ते दोन दिवस वहीला सुटी. हे आम्ही हिशेबनीस असून सांगत आहोत.

पहिल्या दिवशी दुपारी वाईनरीत जायला काही हरकत नाही. आत गेले म्हणजे प्यालेच, असे नाही. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात: कारखाना दाखवणारी फेरी आणि चाखण्याचा कार्यक्रम. चाखण्यात चार-सहा वाईन थोड्या थोड्या ओततात, वास घ्यायला सांगतात, तोंडात घोळवायला सांगतात. काही जण घोट थुंकूनही टाकतात, त्यासाठी भांडे ठेवलेले असते. तिकीट काढतानाच 'आम्हाला फक्त बघायचे आहे' असे सांगा आणि किती पैसे ते विचारून घ्या. टाक्या बघा, यंत्रे बघा. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला तो कारखाना बघायला मजा येते, पंप कुठला, थंड कसे करतात, बाटली भरणारी लाईन किती वेगाने चालते, असे प्रश्न तोच विचारतो. ताई स्वतः पॅकिंगमध्ये आहेत. त्यांनी बाटल्यांची लेबले कशी लावतात ते नवऱ्याला समजावून सांगावे. खायला बसायचे असेल तर आधी दरपत्रक बघा. ज्यूस मागवा, गच्चीवरून मळे आणि धरणाकडचा सूर्यास्त बघा. त्या सूर्यास्ताला तिकीट नाही. कोणी वेटर दोनदा विचारायला आला, तर 'नको, आम्ही घेत नाही' असे साध्या आवाजात सांगावे, कारण द्यावे लागत नाही.

संध्याकाळी गर्दी वाढायच्या आत निघावे. रात्री नाशकात पोटभर जेवून झोपावे आणि सकाळी मिसळ खावी. नाशिकची मिसळ वाईनपेक्षा जास्त झणझणीत आणि कितीतरी स्वस्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिरश्मी लेणी. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. शहरापासून सुमारे 8 कि.मी., मुंबई-आग्रा रस्त्यावर. एकूण 24 लेणी आहेत. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे, तिथे 2023 च्या ऑक्टोबरात श्रीलंकेहून आणलेले बोधिवृक्षाचे रोप लावले आहे. आपले बरेच लोक वंदना करून, फोटो काढून उतरतात. तुम्ही घाई करू नका, 10 क्रमांकाच्या लेण्यात बसा.

हे लेणे सुमारे 1900 वर्षांपूर्वीचे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरवून भिक्खुसंघाला दिले. भिंतीवर त्याचा शिलालेख आहे आणि त्यात एक हिशेब आहे, जो वाचून आमच्यातला कारकून खूष झाला. त्याने 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कष्टकरी कोष्ट्यांच्या संघटनेकडे. 2000 ची ठेव दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1000 ची दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. आता गुणाकार करून बघा. 2000 वर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, 240. पैचाही फरक नाही. आज ज्या गोवर्धनच्या शिवारात वाईनच्या टाक्या आहेत, त्या गोवर्धनचे विणकर एकोणीसशे वर्षांपूर्वी बँक चालवीत होते.

पण त्या लेण्यात तुम्हा दोघांना आम्ही बसायला सांगतो ते या व्याजासाठी नाही. त्याच लेण्यात खोलीच्या दारावर एक लहान लेख आहे. ही खोली दक्षमित्रेचे दान आहे, असे त्यात कोरले आहे. दक्षमित्रा म्हणजे उषवदाताची बायको. नवऱ्याने लेणे दिले, त्यातच तिने आपल्या नावाने खोली दिली. तिचे दान नवऱ्याच्या लेखात 'व पत्नी' म्हणून दोन शब्दांत गुंडाळलेले नाही. वेगळा दगड, वेगळी ओळ, तिचे स्वतःचे नाव. आपल्या वस्तीतल्या खोलीच्या दारावर कोणाचे नाव आहे? वीजबिलावर? विहाराच्या देणगीच्या पावतीवर? लेण्याच्या ओट्यावर बसून नवरा-बायकोने बोलायला हा विषय वाईट नाही. आम्ही दोघे तिथे बसलो होतो तेव्हा मंडळींनी हा लेख ऐकून विचारले, 'आपल्या पासबुकावर माझं नाव कुठे आहे हो?' दुसऱ्या नंबरला आहे, असे आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, 'दक्षमित्रेला वेगळा दगड मिळाला.' त्या महिन्यात त्यांचे स्वतंत्र खाते उघडले गेले.

आता घरच्या गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

मुलांना सांभाळणाऱ्या सासूबाईंना 'आम्ही कामासाठी चाललो' अशी थाप मारू नका. सरळ सांगा. बहुतेक म्हाताऱ्या बायका आतून खूष होतात, कारण त्यांना कोणी कधी नेले नव्हते. त्यांच्यासाठी येताना काही तरी आणा, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही घरी राहून त्यांना दोन दिवस त्यांच्या बहिणीकडे पाठवा. पिशवी नवऱ्याने उचलायची. स्टोव्ह, डबा, तांदळाची पुरचुंडी यातले काहीही न्यायचे नाही. बायको 'वाटेत लागेल' म्हणून चपात्या करायला उठली तर तिला परत झोपवा. मोबाईलवर मुलांशी संध्याकाळी एकदा बोला, दर तासाला नको. आणि त्या दोन दिवसांत दिराचे भांडण, नणंदेचे लग्न, खोलीचे हप्ते हे विषय काढायचे नाहीत. सुरुवातीला बोलायला काही सुचणार नाही. आठ वर्षे आपण फक्त गॅस संपला, फी भरायची आहे, पाणी गेले, एवढेच बोललेलो असतो. गप्प बसलात तरी चालेल. धरणाच्या काठावर गप्प बसायला कोणी पैसे घेत नाही.

आणखी एक, नवऱ्यांसाठी. दोन दिवस बाहेर नेले म्हणजे बायको तुमची देणेकरी झाली असे नाही. ती दमलेली असेल, तिला नुसते झोपायचे असेल, तर झोपू द्या. दुपारी तीन तास कोणी न उठवता झोपलेली बाई जागी झाल्यावर कशी दिसते, हे अनेक नवऱ्यांनी बघितलेलेच नाही.

येताना नाशिकचा चिवडा आणि बेदाणे घ्या. द्राक्षे घ्यायची तर परतीच्या दिवशी घ्या, आधी घेतलीत तर पिशवीत दबतील. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात घालून धुवा.

ताईंनी फेब्रुवारीतला बुधवार-गुरुवार ठरवला आहे. फोन ठेवताना त्यांनी हळूच विचारले, 'दादा, तिकडे पंजाबी ड्रेस चालेल ना? साडीच नेसायला पाहिजे असं काही नाही ना?' चालेल, ताई. काय वाटेल ते घाला. चप्पल मात्र सपाट असू द्या, त्रिरश्मीला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत.